आवार एक, कार्यक्रम वेगवेगळे: राणीच्या बागेबद्दल थोडं

नौपाड्यात राहणाऱ्या माणसाला कला, विज्ञान आणि निसर्ग यांच्यासाठी तीन दिशांना जावं लागतं. नाटक तलावपाळीला गडकरी रंगायतनमध्ये, व्याख्यान घंटाळीच्या सहयोग मंदिरात आणि फुलपाखरं बघायची तर पार घोडबंदर रोडला ओवळ्यात. तिन्ही एका आवारात हवं असेल तर लोकल पकडून भायखळ्याला उतरायचं. वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, म्हणजे आपली राणीची बाग, आणि तिच्या दाराशीच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. माझ्या पीएचडीचा विषय सार्वजनिक संस्था आणि त्यांचे कार्यक्रम हा आहे. त्यामुळे प्रश्न पडतो की इथे या तीन गोष्टी एकमेकींशी बोलतात का? माझ्या मते, फारशा नाही.

मुळात त्या वेगळ्या नव्हत्याच. बाग 1862 ची, संग्रहालय 1872 साली लोकांसाठी उघडलं. संग्रहालयाच्या सुरुवातीच्या काळात क्युरेटर असलेले जॉर्ज बर्डवुड पेशाने डॉक्टर. त्यांनी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतिजन्य उत्पादनांची सूची केली आणि पुढे 1880 साली भारतीय हस्तकलांवर पुस्तकही लिहिलं. झाड आणि त्यापासून घडलेली वस्तू हा त्यांच्यासाठी एकच अभ्यास होता. अर्थात यामागे साम्राज्याचा व्यापारी हिशेब होता, हे विसरून चालणार नाही.

पण 1975 पासून संग्रहालयाला ज्यांचं नाव आहे, त्या भाऊ दाजींचं काय? ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे डॉक्टर. कुष्ठरोगावर वनस्पतिजन्य औषध शोधणारे, शिलालेख वाचणारे आणि विष्णुदास भाव्यांच्या नाटकमंडळीला मुंबईत आधार देणारेही तेच. म्हणजे विज्ञान, इतिहास आणि रंगभूमी एकाच माणसात.

आता थोडी थिअरी. टोनी बेनेट या अभ्यासकाने 1988 साली मांडलं की एकोणिसाव्या शतकातली संग्रहालयं वस्तू मांडता मांडता लोकांना ‘कसं बघायचं’ हेही शिकवत होती. वस्तू कुठल्या दालनात ठेवली, तिच्या शेजारी काय ठेवलं, यातूनच तिचा अर्थ ठरतो. ही मांडणी इथे लावून बघा. दालनात लाकडाचं, हस्तिदंताचं, लाखेचं काम दिसतं. लाकूड झाडाचं, हस्तिदंत प्राण्याचा, लाख किड्याची. पण काचेमागे गेल्यावर हे सगळं फक्त ‘कारागिरी’ होतं, आणि झाड भिंतीपलीकडे नुसतं सावलीपुरतं उरतं.

2008 साली जीर्णोद्धारानंतर संग्रहालय पुन्हा उघडलं ते काम खरोखर उत्तम आहे. सुदर्शन शेट्टी, जितिश कल्लाट यांच्यासारख्या कलावंतांना जुन्या संग्रहाशी संवाद करायला बोलावणं हीसुद्धा धाडसी कल्पना. माझी तक्रार एवढीच की कलावंताला जे निमंत्रण मिळतं, ते वनस्पतिशास्त्रज्ञाला आणि माळीकाकांनाही मिळायला हवं. तिकडे बागेचं आकर्षण झालं 2016 साली आलेले पेंग्विन. वातानुकूलित काचेपर्यंत पोचायची वाट मात्र दीडशे वर्षांच्या वनस्पती उद्यानातून जाते आणि गर्दी तिथून न बघताच पुढे सरकते.

‘यात बिघडलं काय?’ असं कुणी विचारेल. 2007 च्या सुमाराला प्राणिसंग्रहालयाच्या मोठ्या पुनर्विकासाचा आराखडा आला, तेव्हा झाडं जातील म्हणून नागरिक उभे राहिले. झाडं नावानिशी ओळखणारे लोक होते म्हणून हे शक्य झालं. गोरखचिंच कुठली, उर्वशी कुठली हे ज्याला माहीत नाही, त्याला कागदावर फक्त ‘मोकळी जागा’ दिसते. कार्यक्रमांमधली फूट म्हणून मला किरकोळ वाटत नाही. पुढच्या आराखड्याच्या वेळी बोलणारी माणसं तयार होणार की नाही, ते तिच्यावर ठरतं.

उपाय खर्चिक नाही. एक फेरी दालनातून सुरू करून झाडाखाली संपवायची. वाटेत घारापुरीचा दगडी हत्ती आहेच. परदेशी न्यायच्या प्रयत्नात फुटला, पुन्हा जोडला आणि आज उघड्यावर, झाडांमध्ये उभा आहे. शिल्प, दगडाचं शास्त्र, पावसाने होणारी झीज, सगळं एका थांब्यावर सांगता येईल. ठाण्याच्या शाळांनी सहल नेताना पेंग्विनच्या आधी अर्धा तास यासाठी मागून घ्यावा. मागणी आली तर संस्थाही बदलतात.