‘झुंड’ : सत्यकथेचा कर्मणी प्रयोग

१

इतिहास घडलेले सांगतो आणि काव्य संभवनीयतेच्या वा अपरिहार्यतेच्या नियमानुसार घडू शकेल ते सांगते, हा ॲरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’त केलेला भेद सर्वपरिचित आहे. दुर्बळ संघाने बलाढ्य प्रतिस्पर्ध्याला नमविल्याची सत्यकथा या भेदापुढे एक पेच उभा करते. असा विजय प्रत्यक्षात लक्षणीय ठरतो तो संभवनीय नसल्यामुळे. मात्र तीच घटना कथापटाच्या रूपबंधात शिरली की विजय ही त्यातील सर्वांत संभवनीय गोष्ट होऊन बसते. प्रेक्षक तिकीट काढतानाच ती गृहीत धरतो. वास्तवात जो अपवाद होता तो पडद्यावर संकेत होतो आणि अपवादाची किंमत मोजणारी माणसे त्या संकेताची सामग्री होतात.

या संकेताचे दुसरे अंग म्हणजे प्रशिक्षक. अमेरिकन समोआ या चिमुकल्या बेटप्रदेशाचा फुटबॉल संघ २००१ मध्ये ऑस्ट्रेलियाकडून ३१–० असा हरला आणि २०११ मध्ये टोंगाला २–१ ने हरवून त्याने आपला पहिला अधिकृत विजय मिळविला. या घटनेवर २०१४ मध्ये ‘नेक्स्ट गोल विन्स’ हा माहितीपट निघाला आणि त्याच नावाचा टायका वायटिटी यांचा कथापट २०२३ मध्ये आला. बाहेरून आलेल्या प्रशिक्षकाचा संताप आणि त्याचे खाजगी दुःख हा या कथापटाचा कणा आहे. खेळाडू जिंकतात, परंतु बदल घडतो तो प्रशिक्षकात. २०२४ च्या ‘मैदान’मध्येही १९६२ च्या आशियाई सुवर्णपदकाची कथा सय्यद अब्दुल रहीम या प्रशिक्षकाभोवतीच गुंफली गेली. रहीम यांचे कर्तृत्व निर्विवाद आहे. तरीही हा आकृतिबंध इतक्या वेळा का परततो, हा प्रश्न उरतोच.

नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ (४ मार्च २०२२) याच आकृतिबंधात जन्मलेला आणि त्याच्याशी झगडणारा चित्रपट आहे. या झगड्याचे स्वरूप तपासणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

२

‘झुंड’मागील वास्तव नागपूरचे आहे. हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ च्या पावसाळ्यात झोपडपट्टीतील मुलांना एक फुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिले. त्यांनी त्या मुलांना चेंडू दिला आणि पुढे झोपडपट्टी फुटबॉलच्या स्पर्धा भरविल्या. त्यातून ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली. २००३ मध्ये ऑस्ट्रियातील ग्राझ येथे बेघरांची विश्वचषक स्पर्धा सुरू झाली होती. कालांतराने संस्थेचे खेळाडू तेथवर पोहोचले. २०१४ मध्ये ‘सत्यमेव जयते’ या दूरचित्रवाणी मालिकेने ही कहाणी देशभर नेली आणि २०१६ मध्ये संस्थेला ‘फिफा’चा विविधता पुरस्कार मिळाला.

या कहाणीत चित्रपटीय रूढीला हवा तसा निर्णायक सामना नाही. बेघरांच्या विश्वचषकातील खेळ एका बाजूला चार खेळाडू घेऊन, सात-सात मिनिटांच्या दोन डावांत, लहानशा अंगणात होतो. तेथे जिंकण्यापेक्षा तेथवर जाणेच अवघड असते. एखाद्या खेळाडूचा सहभाग ही घटना घडते ती शिधापत्रिका, जन्मदाखला, पारपत्र आणि पोलिसांचा अभिप्राय यांच्या साखळीतून. ती दीर्घ, विस्कळीत आणि कंटाळवाणी आहे. अशा वास्तवाला कथानक कोठे सापडते, हा रूपांतरकर्त्यापुढील पहिला प्रश्न आणि त्या कथानकाचा कर्ता कोण, हा दुसरा.

३

कथनाचे व्याकरण मांडताना ग्रेमास यांनी कर्ता, साध्य, प्रेषक, ग्राहक, साहाय्यक आणि विरोधक अशा सहा भूमिका कल्पिल्या. प्रशिक्षककेंद्री चित्रपटात वस्तुतः साहाय्यक असलेली व्यक्ती कर्त्याच्या जागी जाऊन बसते आणि खेळाडू हे तिचे साध्य होतात. ही अदलाबदल समजून घेण्यास मराठीचे स्वतःचे व्याकरण अधिक उपयोगी पडते, कारण कर्ता असणे आणि क्रियापदाने त्याच्यामागे जाणे या दोन गोष्टी मराठीत वेगळ्या होऊ शकतात.

‘सर मुलांना घडवतात’ हा कर्तरी प्रयोग होय. क्रियापद सरांच्या मागे जाते. ‘सरांनी मुले घडवली’ हा कर्मणी प्रयोग. येथे कर्ता सरच आहेत, पण क्रियापद लिंगवचनाने मुलांचे झाले आहे. ‘सरांनी मुलांना घडवले’ हा भावे प्रयोग. येथे क्रियापद ना सरांचे ना मुलांचे, ते केवळ एका भावाचे आहे. आणि ‘मुले खेळतात’ हा पुन्हा कर्तरी प्रयोग, परंतु आता कर्ता मुले आहेत.

‘नेक्स्ट गोल विन्स’चा कथापट पहिल्या प्रकारचा आहे. ‘झुंड’ मूलतः दुसऱ्या प्रकारचा आहे. त्याचे यश कर्मणी प्रयोग टिकविण्यात आहे आणि त्याचे अपयश जेथे तो भावे प्रयोगात घसरतो तेथे आहे. चौथ्या प्रकाराकडे तो वळून पाहतो, मात्र तेथे वस्ती करीत नाही.

४

क्रियापद कोणाच्या मागे जाईल हे केवळ दिग्दर्शकाच्या हाती नसते. त्यावर ताऱ्याचे गुरुत्वाकर्षण काम करते. याचे जवळचे उदाहरण फुटबॉलच्या बाहेर, पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात सापडते. प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’ने (२०१८) जमिनी विकून बसलेल्या शेतकऱ्यांची आणि गुन्हेगारीकडे ढकलल्या गेलेल्या त्यांच्या मुलांची कथा मांडली. सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सत्याग्रह झाला तोच हा तालुका. दुर्बळाची ही कथा विजयाकडे जात नाही. तिचे क्रियापद अखेरपर्यंत राहुल या तरुणाच्या आणि त्याच्या भूमिहीन झालेल्या बापाच्या मागे जाते.

या चित्रपटाचे हिंदी रूपांतर महेश मांजरेकर यांनी ‘अंतिम’ (२०२१) या नावाने केले आणि त्यातील पोलीस अधिकाऱ्याची भूमिका सलमान खान यांना मिळाली. मूळ संहितेत विरोधक-साहाय्यक अशा सीमेवर असलेले हे पात्र रूपांतरात कर्त्याच्या आसनावर आले. कथेतील घटना बऱ्याच अंशी त्याच राहिल्या. बदलला तो प्रयोग. मुळशीच्या जमिनीचा प्रश्न एका शूर अधिकाऱ्याच्या कर्तव्याची पार्श्वभूमी झाला. पात्रयोजना हा सजावटीचा भाग नसून संहितेचा अन्वयार्थ बदलणारी क्रिया आहे, हे यातून स्पष्ट होते.

‘झुंड’मध्ये विजय बोराडे या भूमिकेसाठी अमिताभ बच्चन आहेत. म्हणजे ‘अंतिम’हून अधिक प्रबळ गुरुत्वाकर्षण येथे उपस्थित आहे. त्यांच्याशिवाय हा चित्रपट या प्रमाणावर उभा राहिला असता काय, हा प्रश्न रास्त आहे. पण भांडवलाची गरज मान्य केली म्हणून तिच्या परिणामांची चिकित्सा टळत नाही.

५

मंजुळे यांनी या गुरुत्वाकर्षणाला दिलेले पहिले उत्तर रचनेचे आहे. झोपडपट्टीतील मुले आणि महाविद्यालयीन संघ यांच्यातील सामना, जो रूढ चित्रपटात शेवटी आला असता, तो ‘झुंड’मध्ये मध्यापूर्वीच संपतो. मुले जिंकतात आणि चित्रपट अर्धाही झालेला नसतो. विजय असा लवकर खर्च करून टाकल्याने प्रेक्षकाची अपेक्षा निराधार होते. आता उरलेल्या काळात काय जिंकायचे आहे, असा प्रश्न त्याला पडतो. उत्तरार्ध त्याला सांगतो की प्रतिस्पर्धी मैदानावर नव्हताच.

दुसरे उत्तर कथनाच्या आवाजाचे आहे. बोराडे यांच्या घरी मुले एकामागून एक आपापली हकिगत सांगतात तेथे कथापट जवळजवळ माहितीपट होतो. बहुतेक मुले अभिनयाचा अनुभव नसलेली, नागपूरच्या वस्त्यांतील आहेत. त्यांच्या बोलीतील हिंदी-वऱ्हाडी मिश्रण साफसूफ केलेले नाही. तारा या प्रसंगात श्रोता होतो. दया पवार यांच्या ‘बलुतं’पासून (१९७८) मराठी वाचकाला परिचित झालेली आत्मकथनाची परंपरा येथे पडद्यावर येते. अनुभव कोणाचा आणि सांगणारा कोण, हा त्या परंपरेने उपस्थित केलेला प्रश्न या प्रसंगाच्या तळाशी आहे. आंबेडकर जयंतीच्या प्रसंगात बोराडे बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे नतमस्तक होतात, तेव्हाही तारा वस्तीच्या सांस्कृतिक अवकाशात पाहुणा म्हणून शिरलेला आहे. हिंदी चित्रपटसृष्टीत हे दृश्य किती दुर्मिळ आहे हे ध्यानात घेतले की त्याचे मोल कळते.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे उत्तर शेवटात आहे. डॉन (अंकुश गेडाम) हा तरुण परदेशी स्पर्धेसाठी विमानतळावर पोहोचतो. सुरक्षा तपासणीच्या यंत्राला त्याच्या अंगावरील पाते सापडते. वस्तीत जगण्यासाठी जवळ बाळगलेली ती वस्तू त्याला तेथे टाकून द्यावी लागते. शिखरप्रसंगाचा सारा ताण, जो रूढीप्रमाणे शेवटच्या मिनिटातील गोलासाठी राखलेला असतो, तो येथे एका चौकटीतून पार होण्यासाठी वापरला आहे. परदेशातील सामना दाखविलाच जात नाही. यातून ‘दुर्बळ संघ’ या संकल्पनेचाच अर्थ पालटतो. दुर्बळ म्हणजे कमी कुशल असा अर्थ येथे उरत नाही. ज्याला खेळात उतरण्याआधी आपण नागरिक आहोत हे सिद्ध करावे लागते, तो दुर्बळ. या क्षणी बोराडे साहाय्यकाच्या मूळ जागी परततात आणि क्रियापद पूर्णपणे डॉनचे होते.

६

या यशाबरोबरच चित्रपटातील दोन उणिवाही नोंदवणे आवश्यक आहे. डॉनच्या पारपत्राचा प्रश्न न्यायालयात जातो तेव्हा बोराडे दीर्घ भाषण करतात. भाषणातील विचार चुकीचा नाही. परंतु तो उत्तरार्धाने प्रसंगांतून आधीच सिद्ध केलेला आहे. येथे डॉन स्वतःविषयीच्या खटल्यात मूक राहतो. ‘सरांनी मुलांना घडवले’ या भावे प्रयोगाप्रमाणे क्रिया कोणाचीच न राहता ‘संदेश’ होते. ज्या ताऱ्याला चित्रपटाने श्रोता केले होते त्याला येथे पुन्हा वक्ता केले जाते, आणि प्रेक्षकाला ओळखीचा आवाज ऐकल्याचे समाधान मिळते.

दुसरी उणीव मोनिकाच्या (रिंकू राजगुरू) कथासूत्राची आहे. आदिवासी मुलगी आणि तिचा बाप ओळखीच्या कागदांसाठी दारोदार फिरतात. चित्रपटाच्या केंद्रीय आशयाचे हे कदाचित सर्वांत शुद्ध रूप आहे, कारण येथे ना गुन्हा आहे ना नाट्य. आहे ते केवळ कागद नसणे. तरीही हे सूत्र मुख्य कथानकाला समांतर तुकडा म्हणूनच राहते. मुली खेळतात, परंतु त्यांचे वाक्य पूर्ण होत नाही.

कर्त्याचा प्रश्न पडद्याबाहेरही उपस्थित झाला. एका खेळाडूच्या जीवनकथेचे हक्क आपल्याकडे असल्याचा दावा हैदराबादच्या एका चित्रपटकर्त्याने केला आणि २०२० मध्ये प्रदर्शनाला न्यायालयीन स्थगिती मिळाली. दाव्याची गुणवत्ता हा येथील विषय नाही. लक्षणीय आहे ती गोष्ट अशी, की ज्याच्याजवळ आयुष्याखेरीज मालमत्ता नव्हती त्याचे आयुष्यच मालमत्ता झाले आणि वाद इतरांत लागला. सत्यकथेच्या रूपांतराचा नैतिक प्रश्न घटनांच्या अचूकतेपुरता मर्यादित नाही, याचा हा पुरावा होय.

७

शीर्षकाकडे पुन्हा पाहता येईल. मराठी कानाला ‘झुंड’ हा शब्द ‘झुंडशाही’ची छाया घेऊनच ऐकू येतो. चित्रपटात बोराडे या मुलांना झुंड न म्हणता संघ म्हणावे असा आग्रह धरतात. चित्रपट मात्र आपले नाव बदलत नाही. ‘संघ’ ही प्रशिक्षकाने दिलेली ओळख आहे, तर ‘झुंड’ ही समाजाने लादलेली. तिसरी, मुलांनी स्वतः घेतलेली ओळख चित्रपटाला नाव म्हणून सापडलेली नाही. अखेरच्या दृश्यात विमान वस्तीवरून उडते आणि भिंत तेथेच राहते. एकजण पलीकडे गेला याचा आनंद आणि भिंत शाबूत असल्याची जाणीव चित्रपट एकाच चौकटीत धरतो. अपवादाला संकेत न होऊ देण्याची ही रीत दुर्बळाच्या विजयकथांत विरळा आहे. या मुलांपैकी कोणी कॅमेरा हाती घेईल तेव्हा कर्मणी प्रयोगाची गरज राहणार नाही. तोवर ‘झुंड’ने क्रियापद कोणाच्या मागे जावे एवढे तरी निश्चित केले, हे त्याचे श्रेय आहे.