सोनेरी वटवाघूळ आणि परसातील लिची

जेराल्ड डरेल यांचे ‘गोल्डन बॅट्स अँड पिंक पिजन्स’ (१९७७) हे पुस्तक सामान्यतः प्रवासवर्णन म्हणून वाचले जाते. वस्तुतः ते लोकशिक्षणाचे पुस्तक असून त्याच कसोटीवर तपासले पाहिजे. मॉरिशसच्या पूर्वेकडील रॉड्रिग्ज बेटावरची फलाहारी वटवाघळे त्या सुमारास जेमतेम शंभराच्या आसपास उरली होती. त्यांना भुलविण्यासाठी पिकलेला फणस बरोबर नेल्याची हकिकत डरेल अशा खुमासदार रीतीने सांगतात, की घरच्या फणसाची सवय असलेल्या मराठी वाचकालाही तो वास परक्या नाकाने घेऊन हसू यावे. हसू ओसरते तेव्हा वटवाघळाविषयीची किळसही ओसरलेली असते. हे सामर्थ्य सामान्य नव्हे.

परंतु हे मनःपरिवर्तन कोणाचे? ज्याच्या दारी फळझाड नाही, अशा दूरस्थ वाचकाचे. डरेल यांचे आवाहन मुख्यतः रूपाचे आहे. मॉरिशस बेटावरील त्याच कुळातल्या गडद वटवाघळाला सोनेरी लव नाही. शिवाय ते लिची आणि आंबे खाते. पक्ष्यांनी आणि वाऱ्याने केलेली नासाडीही त्याच्याच माथी मारली जाते, हे खरे. तथापि मूळ आरोप निराधार नाही. कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मजुरांचे वंशज या बेटावर आहेत. रात्री परसात पडणारी धाड म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. अशा ठिकाणी ‘गैरसमज’ हा शब्दच अपुरा पडतो.

रॉड्रिग्जवर शाळांतून झालेले शिक्षण आणि वनरोपण यांच्या जोडीने वटवाघळांची संख्या हजारांच्या घरात गेली, हे यश निर्विवाद होय. मॉरिशसमध्ये मात्र २०१५ साली कायदा बदलला, आणि त्या व पुढील वर्षी मिळून ३०,००० हून अधिक वटवाघळे सरकारी आदेशाने मारली गेली. २०१८ मध्ये ही जात संकटग्रस्त ठरली. बीजप्रसार करणारा हा प्राणी नसेल तर मूळचे अरण्य टिकणार नाही, हे प्रतिपादन शास्त्रशुद्ध आहे. पण ते अरण्याविषयी बोलते, आणि ऐकणारा आपल्या झाडाविषयी विचारत असतो. त्याच्या प्रश्नाचे उत्तर जाळे हे आहे. बागेतील ठेंगण्या झाडांवर ते सहज बसते. परसातील जुन्या, उंच लिचीवर ते कोणी व कसे चढवावे, हा धडा अद्याप पाठ्यक्रमाबाहेरच आहे.