दमा असेल तर धोका कमी?

रुग्णालयांतील केसपेपर म्हणजे माहितीचा खजिना, असे आपण नेहमी ऐकतो. या खजिन्यातून संगणकाच्या हाती काय लागते, हे पारखायचे असेल तर रिच कारुआना व त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१५ सालचा न्यूमोनियाविषयीचा शोधनिबंध शिक्षकांनी जरूर समजून घ्यावा.

१९९० च्या दशकात अमेरिकेत न्यूमोनियाच्या रुग्णांच्या नोंदी संगणकाला पुरवून विचारले गेले, की कोणता रुग्ण दगावण्याचा धोका अधिक? धोका कमी असलेल्यांवर घरीच उपचार करावेत, हा हेतू. सर्वांत अचूक ठरले न्यूरल नेटवर्क, पण ते कारण सांगत नसे. त्याच नोंदींतून नियम शोधणाऱ्या दुसऱ्या पद्धतीने मात्र एक चमत्कारिक नियम काढला: दमा असेल तर धोका कमी!

नोंदींपुरता हा नियम खराच होता. दमेकऱ्याला न्यूमोनिया झाला की त्याला थेट अतिदक्षता विभागात नेत आणि तेथील उपचारांनी तो वाचे. संगणकाने उपचारांचे श्रेय दम्याला दिले. तो नियम पाळला असता तर ज्याला सर्वाधिक जपायचे, तोच घरी गेला असता.

शाळेतले उदाहरण घेऊ. कच्च्या मुलांचे जादा तास घेतले आणि ती इतरांपेक्षा कमी संख्येने नापास झाली. हजेरीपटात जादा तासांची नोंद नसेल, तर 'कच्ची मुले आपोआप पास होतात' असाच निष्कर्ष निघेल.

शोधनिबंधातील पद्धत वय, दमा, रक्तदाब अशा प्रत्येक घटकाचा परिणाम वेगळ्या आलेखात दाखवते, त्यामुळे दम्याचा आलेख पाहून डॉक्टर तो दुरुस्त करू शकतात. एवढे करूनही तिची अचूकता अपारदर्शक पद्धतींच्या तोडीची राहते, हे तिचे मोठे यश आहे.

तरी आमचा एक आक्षेप आहे. दम्याची चूक सापडली, कारण दमा धोक्याचा हे वैद्यकाला आधीच ठाऊक होते. जेथे पूर्वज्ञान नाही, तेथे चुकीचा आलेखही बरोबरच वाटेल. आलेख समजला म्हणजे कार्यकारणभाव समजला, असे नव्हे.

२०१८ साली बॉस्टनमधील दोन रुग्णालयांच्या नोंदी तपासणाऱ्या एका अभ्यासात १७४ चाचण्यांपैकी ११८ बाबतींत, रुग्ण तीन वर्षे जगेल की नाही याचा अंदाज चाचणीच्या निकालापेक्षा ती केव्हा सांगितली गेली यावरून अधिक अचूक आला. रक्ततपासणी पहाटे तीनला मागवली, तर डॉक्टरला काळजी वाटली असणार. म्हणजे केसपेपरात रुग्णाच्या शरीराइतकीच रुग्णालयाची वागणूकही उतरते.

म्हणून वर्गात कोणताही तक्ता वाचताना मुलांना तीन प्रश्न जरूर विचारायला लावावेत: ही नोंद कोणी केली, कशासाठी केली, आणि काय नोंदवायचे राहिले?