स्मारकनाण्यांची साक्ष : अमेरिकेंतील आरंभींच्या वसाहती

नाणें हें इतिहासाचें अस्सल साधन होय, हें मत आपल्याकडे सर्वमान्य झालें आहे. बखरीपेक्षां समकालीन पत्रास अधिक मान द्यावा ही शिस्त कै. राजवाड्यांनीं संशोधकांस लावून दिली. आणि त्या शिस्तींत नाण्याचें स्थान पत्राहूनहि कदाचित् वरचें आहे, कारण त्यावर प्रत्यक्ष राज्याचा शिक्का असतो. या विश्वासाचा फायदा एक निराळ्याच जातीचें नाणें घेत असतें. तें म्हणजे स्मारकनाणें. धातु तीच, टांकसाळहि तीच. पण ज्या प्रसंगाची साक्ष तें देतें, त्या प्रसंगानंतर तीन तीनशें वर्षांनीं तें पाडलेलें असतें. त्याचा वेष सनदेचा असला तरी त्याची जात बखरीची आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनीं १९२० पासून १९३७ पर्यंत आपल्या आरंभींच्या वसाहतींच्या स्मरणार्थ जे रुप्याचे अर्धे डॉलर पाडले, ते या दृष्टीनें तपासून पाहण्याजोगे आहेत.

१९३७ चें रोआनोकचें नाणें प्रथम घेऊं. एका बाजूस पिसाची टोपी घातलेला सर वॉल्टर रॅले, दुसऱ्या बाजूस तान्ह्या मुलीस घेऊन उभी असलेली एलेनॉर डेअर. ही मुलगी व्हर्जिनिया डेअर. ता. १८ ऑगस्ट १५८७ रोजीं ती रोआनोक बेटावर जन्मली. त्या भूमीवर इंग्रज आईबापांच्या पोटीं झालेलें हें पहिलें अपत्य. वसाहतीची सनद रॅलेची, पण त्यानें स्वतः त्या किनाऱ्यावर कधीं पाऊल ठेविलें नाहीं. एलेनॉरचें समकालीन चित्र नाहीं. नाण्यावरचा चेहरा शिल्पकारानें कल्पिलेला आहे. येथपर्यंत क्षम्य म्हणतां येईल. परंतु एलेनॉरचा बाप जॉन व्हाइट हा त्या वसाहतीचा गव्हर्नर असून उत्तम चितारीहि होता. १५८५ च्या सफरीचीं त्याचीं जलरंगांतील चित्रें ब्रिटिश म्यूझिअमांत आहेत. त्यांत तेथील मूळ रहिवाशांचे चेहरे, त्यांचीं गांवें, त्यांची मासेमारी हीं सर्व प्रत्यक्ष पाहून रेखाटलेलीं आहेत. म्हणजे ज्यांचें अस्सल चित्र उपलब्ध होतें त्यांना नाण्यावर जागा मिळाली नाहीं, आणि जिचें मुळींच उपलब्ध नव्हतें तिला मिळाली. ही निवड साधनांच्या अभावीं झाली असें म्हणण्यास वाव उरत नाहीं.

आणि वगळलेली गोष्ट किरकोळ नाहीं. १५८६ त राल्फ लेन याच्या लोकांनीं त्या प्रदेशाचा नायक विंगिना यास ठार मारिलें. पुढल्या वर्षीं बायकामुलांसह आलेले वसाहतकरी उतरले ते या वैराच्या भूमीवर. मदत आणण्यास इंग्लंडांत गेलेला व्हाइट स्पेनच्या आरमारी युद्धामुळें अडकला. तो १५९० त परतला तेव्हां नातीच्या तिसऱ्या वाढदिवशीं त्याला ओस पडलेली वसाहत व खांबावर कोरलेला ‘क्रोअटोअन’ हा एक शब्द एवढेंच आढळलें. मागें राहिलेल्या शंभरांवर माणसांचा ठावठिकाणा त्याला लागला नाहीं. नाण्यावर मात्र जन्माचाच सोहळा आहे.

प्लिमथचें १९२० चें नाणेंहि याच पठडींतलें. त्यावर गव्हर्नर ब्रॅडफर्ड पुस्तक घेऊन उभा आहे व मागें ‘मेफ्लॉवर’ जहाज आहे. त्या जहाजाच्या नाळेवर जें शीड दाखविलें आहे तें १६२० त वापरांत नव्हतें. ब्रॅडफर्डचें समकालीन चित्र नाहीं. पण त्यानें स्वहस्तें लिहिलेला वसाहतीचा वृत्तान्त आहे, आणि सांथीनें मेलेल्या मूळ रहिवाशांच्या कवट्या व हाडें उघड्यावर पडलेलीं आढळल्याचें त्यांत त्यानें नमूद केलें आहे. प्लिमथ वसलें तें पटक्सेट नांवाच्या अशाच ओस गांवाच्या जागीं. नाण्यावरील ब्रॅडफर्डपेक्षां कागदावरील ब्रॅडफर्ड अधिक खरें बोलतो.

१९२४ च्या ह्यूगनॉट-वॉलून नाण्यावर तर कोलिन्यी व विल्यम धि सायलेंट यांचीं मुखें आहेत. वसाहत १६२४ ची. पहिला १५७२ त मारला गेला, दुसरा १५८४ त. कोलिन्यीनें १५६२ त अमेरिकेच्या किनाऱ्याकडे माणसें धाडलीं होतीं हें खरें, पण न्यू नेदरलंडशीं त्याचा संबंध नाहीं. पानिपतच्या स्मरणार्थ नाणें पाडून त्यावर थोरल्या बाजीरावाचें मुख काढावें, तशांतलाच हा प्रकार. मेरीलंडचें १९३४ चें नाणें त्या मानानें बरें. मात्र त्यावरील लॉर्ड बाल्टिमोरहि आपल्या वसाहतींत कधीं गेला नव्हता.

यावर कोणी म्हणेल कीं, अस्सल नाणीं तरी कोठें खरें बोलतात? मॅसाच्युसेट्सच्या पाइन वृक्षाच्या शिलिंगांवर १६५२ हाच सन पुढेंहि कित्येक वर्षें घातला जात होता. आपल्याकडे मराठ्यांच्या टांकसाळींतून शाहआलमच्या नांवाचे रुपये पडत, आणि कंपनीनें बंगाल्यांत त्याचें १९ वें जुलूस वर्ष गोठवून टाकलें. आक्षेप रास्त आहे. पण तें असत्य त्या काळाचें स्वतःचें आहे. सत्ता कोणाच्या हातीं व मान कोणाला, हें तेंच सांगतें. स्मारकनाण्याचें असत्यहि असेंच उपयोगी आहे, फक्त तें १५८७ किंवा १६२० ची साक्ष देत नाहीं. १९२१ च्या प्लिमथ नाण्यांपैकीं लाखावर पाडून ८०,००० परत वितळविलीं गेलीं, हें तत्कालीन अमेरिकेंतील हौशी खरेदीच्या ओहोटीचें चांगलें साधन होय. पोर्तुगालनें १८९८ त ‘हिंदुस्थानच्या शोधा’च्या चौथ्या शताब्दीस पाडलेलीं रौप्यनाणीं याच न्यायानें वाचावीं, कालिकतशीं अरबांचा व्यापार कित्येक शतकांचा असतां तो शोध कोणाचा, हें त्यांना विचारण्यांत अर्थ नाहीं.

संग्रहालयांच्या याद्यांत हीं नाणीं स्मृत प्रसंगाच्या सनाखालीं न घालतां पाडल्याच्या सनाखालीं घालावींत. डेलावेअरच्या नाण्यावर १६३८, १९३६ व १९३८ असे तीन सन आहेत, आणि तें पाडलें गेलें १९३७ त. त्याची नोंद १९३७ खालींच झाली पाहिजे.