मिशनरी मास्तर आणि खेड्यातले पोर

आपल्या स्मरणिकांतून आणि जयंतीच्या भाषणांतून मिशनरी दोन रूपांत भेटतो. एका रूपात तो सात समुद्र ओलांडून आलेला उद्धारकर्ता असतो. तो आला नसता तर आपण अजून ढोरे ओढत बसलो असतो, असे वक्ते सांगतात. दुसऱ्या रूपात तोच माणूस साम्राज्यशाहीचा हस्तक आणि पाटी-पेन्सिलीचे आमिष दाखवून धर्म विकत घेणारा व्यापारी ठरतो. पहिले रूप आपल्या माणसांना प्रिय आहे, दुसरे सवर्ण अभ्यासकांना. भांडण आहे ते देणाऱ्याच्या हेतूबद्दल. त्याच्यासमोर मांडी घालून बसलेले पोर मात्र दोन्हीकडे मुकेच राहते. त्या पोराने काय घेतले, काय नाकारले, घेतलेल्याचे पुढे काय केले, हा प्रश्न आपल्या समीक्षेने फारसा विचारलेला नाही.

मी अलिबागला कॉलेजात मराठी शिकवतो. घरातला मी पहिला पदवीधर. 'त्यांनी आपल्याला अक्षर दिले' या वाक्यातले 'दिले' हे क्रियापद मला नेहमी खुपते. माझ्या वाट्याला जे अक्षर आले त्यासाठी आईने मिठागरावर टोपल्या वाहिल्या आहेत. ज्यांना अक्षर फुकट मिळाल्याचे सांगितले जाते, त्यांनीही त्याची किंमत कुठेतरी मोजलीच असणार. ती किंमत शोधावी म्हणून हा लेख.

गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले. तेथून अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले. कंपनी सरकारला हे लोक नकोच होते. त्यांना परत धाडण्याचाही खटाटोप झाला. हॉल पुढे १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने वारला. अशा माणसांच्या निष्ठेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. शंका आहे ती त्यांनी मागे ठेवलेल्या लेखनाबद्दल. मिशनचा अहवाल हा माझ्या मते एक स्वतंत्र वाङ्मयप्रकारच आहे. तो बॉस्टनच्या किंवा एडिंबरोच्या वर्गणीदारासाठी लिहिला जातो. त्यात इतक्या शाळा, इतकी मुले, इतक्या मुली, इतकी पुस्तके वाटली, असा हिशेब असतो. मधूनच एखाद्या खेड्यातल्या पोराने बायबलातले उतारे घडाघडा म्हणून दाखवल्याचा प्रसंग येतो. त्या पोराला बहुधा नाव नसते. असलेच तर ते त्याच्या बाप्तिस्म्यासाठी किंवा त्याच्या मरणासाठी आलेले असते. वर्गणीदाराच्या डोळ्यांत पाणी आणणे हे त्या पोराचे काम. आपल्या वेदनेचा दुसऱ्याच्या पुण्यासाठी उपयोग होण्याची ही जुनीच रीत आहे.

या अहवालांच्या आड आणखी एक गोष्ट झाकली जाते. शाळा मिशनऱ्याच्या नावावर असे, पण रोज शिकवी कोण? सुरुवातीच्या मिशन-शाळांतून पगारी पंतोजी ठेवलेले असत आणि त्यांत ब्राह्मण पंतोजी पुष्कळ होते. साहेब घोड्यावरून यायचा, परीक्षा घ्यायचा, पुढच्या गावी जायचा. मागे उरायचे ते पोर आणि पंतोजी. जो पंतोजी एरवी महारामांगाच्या पोराची सावली चुकवील तोच साहेबाच्या पगारावर येशूची प्रश्नोत्तरे घोकून घेतो, हा प्रसंग एखाद्या नाटककाराला सुचायला हरकत नव्हती. आपल्या रंगभूमीला तो सुचला नाही.

आणि सरकारला तेव्हाच कळून चुकले होते की या शाळांत सर्वांत चांगले विद्यार्थी कोण आहेत. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८२४ च्या सुमारास शिक्षणावर जे टिपण लिहिले त्यात मिशनऱ्यांचा हा अनुभव त्याने नोंदवला आहे की सर्वांत खालच्या जातींची मुलेच उत्तम शिकतात. यावरून कोणीही म्हणेल की मग त्यांनाच आधी शिकवा. एल्फिन्स्टनने काढलेला निष्कर्ष नेमका उलटा. या लोकांना विशेष उत्तेजन देताना जपून राहिले पाहिजे. विद्या त्यांच्यात आधी रुजली तर ती वर पसरणारच नाही, असे त्याचे म्हणणे. बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे बाबासाहेबांनी १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे जे निवेदन ठेवले त्यात हे टिपण त्यांनी उघड्यावर आणले. 'दलितांना बुद्धी नव्हती' असे आजही खाजगीत बोलणाऱ्या प्राध्यापक मंडळींनी ते एकदा वाचावे.

आता आमच्या किनाऱ्याकडे वळतो. कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले. त्याच्याही फार आधीपासून या किनाऱ्यावर, नवगाव, थळ, किहीम, चौल, रेवदंडा अशा गावांतून बेने इस्राएली राहत होते. घाणा चालवून तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून गावाने त्यांना नाव दिले शनिवार तेली. वेदाचा अधिकार त्यांना नव्हताच. आणि स्वतःच्या धर्मग्रंथाची भाषाही त्यांच्यापासून तुटलेली होती. मिशनऱ्यांना या समाजात मोठा रस वाटला. जुन्या कराराचे लोक मराठी बोलत तेल गाळताना सापडले, याचा त्यांना हर्षच झाला असेल. अमेरिकन मिशनच्या मराठी शाळांत बेने इस्राएली मुले बसली. पुढे त्यांच्यातलेच काहीजण त्या शाळांतून मास्तर झाले. स्कॉटिश मिशनच्या जॉन विल्सनने १८३२ मध्ये हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीतून छापले.

मिशनऱ्यांची अपेक्षा उघड होती. ती फळली नाही. बेने इस्राएलींनी बाराखडी घेतली, हिब्रू घेतली, आपल्याच धर्मग्रंथाचे मराठी भाषांतर घेतले, आणि हे सारे घेऊन ते ख्रिस्ती न होता अधिक पक्के यहुदी झाले. किहीमचे नाव आडनावात बाळगणारे हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत इस्राएली मुलांची स्वतंत्र शाळा काढली आणि आपल्या समाजाचा इतिहास लिहिला. तो १८९७ मध्ये लिहून झाला आणि १९३७ मध्ये तेल अवीवला छापला गेला. (या समाजातही गोरे इस्राएली आणि काळे इस्राएली असा भेद होताच. जातीने या देशात आलेल्या कोणालाही मोकळे सोडलेले नाही.) शिकवणाऱ्याचा हेतू आणि शिकणाऱ्याची गरज यांची सांगड बसली नाही तरी विद्या आपले काम करते, याचा इतका स्वच्छ दाखला माझ्या घरापासून चार मैलांवर असावा आणि दलित साहित्याच्या चर्चेत तो कधी येऊ नये, याचे मला नवल वाटते.

स्त्री-मिशनऱ्यांच्या बाबतीत तर आपले लेखन निव्वळ आरतीचे आहे. सिंथिया फरार ही न्यू हॅम्पशायरची शिक्षिका १८२७ च्या अखेरीस मुंबईला आली, १८३९ मध्ये अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) गेली आणि १८६२ मध्ये तेथेच वारली. पस्तीसेक वर्षे तिने मुलींच्या शाळा सांभाळल्या. जोतीराव फुल्यांनी तिची शाळा पाहिली; सावित्रीबाईंच्या शिक्षिकेच्या तयारीशीही तिचे नाव जोडले जाते. एवढ्यासाठी तरी तिच्यापुढे नम्र व्हावे. पण परदेशी पाठवलेली पहिली अविवाहित अमेरिकन मिशनरी स्त्री म्हणून तिचा जो उल्लेख नेहमी होतो तो मला मान्य नाही. तिच्या पाच वर्षे आधी, १८२२ मध्ये, त्याच अमेरिकन बोर्डाच्या जहाजातून बेट्सी स्टॉकटन हवाईला गेली होती. ती प्रिन्स्टनमध्ये गुलाम म्हणून जन्मली होती. तिच्याशी जो करार झाला त्यात तिला बरोबरीची मानलेले नाही आणि मोलकरीणही म्हटलेले नाही. दोन्हींच्या मधली एक नम्र ख्रिस्ती सोबतीण, अशी काहीतरी जागा तिला दिली आहे. उंबऱ्याच्या आतही नाही आणि बाहेरही नाही, अशी ही जागा आपल्याला चांगलीच ओळखीची आहे. हवाईत मिशनऱ्यांचे लक्ष आधी सरदार घराण्यांना शिकवण्याकडे होते. स्टॉकटनने लाहायनाला शाळा काढली ती सामान्य कष्टकऱ्यांसाठी, त्यांच्या बायकामुलांसाठी. परतल्यावर तिने जन्मभर काळ्या मुलांना शिकवले. आपण ब्लॅक लिटरेचरचे दाखले देताना थकत नाही; त्यात ही बाई यायला हवी होती. जो स्वतः तळातून येतो त्याला शाळा कोणासाठी काढायची हे सांगावे लागत नाही, हे तिच्या शाळेवरून दिसते. गोऱ्या सोबत्यांच्या ते तितके लवकर ध्यानात आले नव्हते.

हाच मुद्दा जोतीरावांनी नाटकात मांडला आहे. 'तृतीय रत्न' १८५५ चे. दक्षिणा प्राइज कमिटीकडे ते गेले, नाकारले गेले आणि पुढे सव्वाशे वर्षे अंधारात राहिले. त्यात कुणबी आहे, त्याची गरोदर बायको आहे, त्यांना लुबाडणारा जोशी आहे, बोचरे बोलणारा विदूषक आहे आणि पाद्रीही आहे. पाद्री कुणब्याशी वाद घालतो, मूर्तिपूजेबद्दल आणि जोशाच्या फसवणुकीबद्दल त्याचे डोळे उघडतो. त्यावरून हे नाटक मिशनऱ्यांच्या बाजूचे म्हणून काहींनी बाजूला सारले. त्यांनी शेवट नीट वाचलेला नाही. डोळे उघडल्यावर ते नवराबायको पाद्र्याच्या चर्चकडे जात नाहीत. ती दोघे फुले दांपत्याच्या रात्रीच्या शाळेत जायला निघतात. जोतीराव स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. पाद्र्याचे ऋण त्यांनी झाकून ठेवले नाही. पण त्याच्या युक्तिवादाची शेवटची पायरी त्यांनी काढून टाकली आणि तेथे आपली पायरी बसवली. नाटक म्हणून त्यात भाषणे फार आहेत, हे खरे. विदूषक नसता तर ते वाचवतही नाही. तरीही मिशनऱ्याला रंगमंचावर त्याच्या मापाइतकीच जागा देणारे दुसरे मराठी नाटक माझ्या वाचनात नाही.

त्याच वर्षी आणखी एक लेखन प्रसिद्ध झाले आणि मला ते नाटकापेक्षा मोठे वाटते. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ताबाई या मांग मुलीचा महारमांगांच्या दुःखावरचा निबंध. तो दोन भागांत छापला गेला तो 'ज्ञानोदया'त, म्हणजे मिशनच्याच पत्रात. ज्या पानांवर एरवी पोरे आकड्यांत मोजली जात त्याच पानांवर एक पोर बोलायला उभे राहिले. तिने पेशवाईतला छळ सांगितला आहे, इमारतींच्या पायात गाडलेली माणसे सांगितली आहेत, डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बाया सांगितल्या आहेत. हा शेवटचा तपशील पुरुषाच्या लेखणीतून आला नसता. इंग्रज सरकारबद्दल कृतज्ञताही आहे आणि ती आजच्या वाचकाला अवघडून टाकते. आपले समीक्षक बहुधा येथेच थांबतात.

मला थांबवतो तो तिचा धर्माविषयीचा प्रश्न. वेद जर ब्राह्मणांचे, ते पाहण्याचाही आम्हांला अधिकार नाही, तर आमचे धर्मपुस्तक कोणते? आम्ही मग कोणत्या धर्माचे? हा प्रश्न ती सरळ देवाला विचारते. मिशनच्या पत्रात हा प्रश्न छापला जातो तेव्हा उत्तर शेजारच्याच स्तंभात तयार असते. संपादकाला तो प्रश्न म्हणूनच आवडला असेल. पण मुक्ताबाई ते तयार उत्तर उचलत नाही. निबंधात धर्मांतराची याचना नाही. ती आपल्या माणसांना सांगते ते शिकण्याबद्दल. ज्याच्या पत्रात लिहायचे त्याच्या ताटातले न उचलता उठून यायचे, हा संयम शाळकरी वयात तिच्याकडे कुठून आला? माझ्या मते तो शाळेतून आला, आणि ती शाळा मिशनची नव्हती म्हणून आला. तिचा मास्तर तिच्याकडून आत्मा मागत नव्हता.

तोच प्रश्न पुढे एका शतकाने बाबासाहेबांनी सोडवला. ख्रिस्ती मिशनांवर त्यांनी लिहिलेले दोन निबंध त्यांच्या पश्चात, १९८९ मध्ये, शासनाच्या पाचव्या खंडात आले. त्यात धर्मप्रसाराला आक्षेप नाही; आक्षेप हिशेबाचा आहे. मिशनांनी पैसा ओतला तो कॉलेजे आणि दवाखाने यांच्यावर, आणि त्यांचा लाभ घेतला तो मुख्यतः वरच्या जातींनी. धर्मांतर केलेला अस्पृश्य मात्र चर्चमध्येही आपली जात घेऊनच बसला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने त्याची अनुसूचित जातीची सवलतही गेली. बौद्धांना ती केंद्राने १९९० मध्ये दिली, ख्रिस्ती दलिताला नाही. एक योगायोग येथे नोंदवतो. मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करून त्यांच्यावर कडक ताशेरे ओढणारा मध्यप्रदेश सरकारचा नियोगी समितीचा अहवाल १९५६ मध्ये नागपूरहून निघाला. त्याचे अध्यक्ष, नागपूर हायकोर्टाचे माजी मुख्य न्यायमूर्ती नियोगी, यांनी त्याच वर्षी नागपूरलाच बाबासाहेबांच्या सोहळ्यात धम्मदीक्षा घेतली. जे लोक त्या अहवालाचा हवाला देऊन सर्वच धर्मांतरांवर तुटून पडतात, ते ही गोष्ट कधी सांगत नाहीत.

दलित आत्मकथनांतला मास्तर बहुधा बोर्डाच्या शाळेतला आहे. कधी मारकुटा, कधी दयाळू, आणि 'माज्या जल्माची चित्तरकथा'त तर लिहिणाऱ्या शांताबाई कांबळे स्वतःच मास्तरीण आहेत. म्हणून मिशनऱ्याची आठवण आपल्याला ऐकीव राहिली आणि ऐकीव आठवणीला आरती किंवा शिवी एवढेच जमते. पण तो मास्तर अजून संपलेला नाही. अलिबागच्या परिसरातल्या एका कातकरी वाडीवर मध्यंतरी काही परदेशी तरुण मंडळी पाच आठवडे शिकवायला राहिली होती. मुले चुणचुणीत, पाच आठवड्यांत त्यांना तीन इंग्रजी गाणी पाठ झाली. पाहुण्यांनी भरपूर फोटो काढले. त्यांच्या मनाचा चांगुलपणा मी नाकारत नाही. ते गेल्यावर पावसाळा संपता संपता त्यांतली निम्मी मुले आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेली, कारण उचल आधीच घेतलेली होती. माझ्या वर्गात त्याच वाडीवरची एक मुलगी आहे. मुक्ताबाईचा निबंध मी वर्गात वाचला तेव्हा तास संपल्यावर ती टेबलापाशी आली आणि तिने विचारले, "सर, ह्या मुलीने हे मराठीत लिवलंय ना? मग आमच्या पोरांना गाणी इंग्रजीत का शिकवली?" त्या निबंधाची प्रत तिने मागितली. मी दिली.