बखरीचे वाक्य कोणाचे? : मोडी, मुद्रण आणि मराठी गद्याची संहिता

मराठी वाङ्मयाच्या इतिहासग्रंथांत एकोणिसाव्या शतकाचे प्रकरण बहुधा छापखान्याच्या आगमनाने उघडते. छापखाना आला, पाठ्यपुस्तके निघाली, नियतकालिके सुरू झाली आणि अर्वाचीन गद्याचा उदय झाला, अशी ही सरळ कारणपरंपरा असते. तिच्यात समाज हा तंत्राचा परिणाम भोगणारा पक्ष ठरतो. याच्या उलट टोकाला दुसरी एक समजूत उभी असते. तिच्या मते छापखाना हे निव्वळ साधन. प्रबोधनाची प्रेरणा समाजात होतीच, तिला खिळे आणि शाई मिळाली इतकेच. पहिल्या भूमिकेला मार्शल मॅक्लुहन यांच्या 'द गुटेनबर्ग गॅलक्सी' (१९६२) या ग्रंथाने सैद्धान्तिक प्रतिष्ठा मिळवून दिली. रेमंड विल्यम्स यांनी 'टेलिव्हिजन : टेक्नॉलॉजी अँड कल्चरल फॉर्म' (१९७४) मध्ये या तंत्रनियतवादाचा समाचार घेतला, पण तंत्राला समाजाचे लक्षण मानून मोकळे होणाऱ्या दुसऱ्या भूमिकेलाही त्यांनी तितकेच अपुरे ठरवले. मराठीत या वादाची कसोटी घेण्यास मोडी लिपीच्या लोपाइतके बोलके उदाहरण सापडणे कठीण. आश्चर्य हे की, हा विषय इतिहाससंशोधकांचा म्हणून समीक्षेने तो दाराबाहेरच ठेवला आहे. वस्तुतः त्याचा संबंध थेट गद्यशैलीच्या विचाराशी पोहोचतो.

मोडी हे स्वतःच एक तंत्र होते, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. कागदावर आधी आडवी शिरोरेघ ओढून घ्यायची आणि मग बोरू शक्य तितका न उचलता अक्षराला अक्षर जोडीत जायचे, ही तिची रीत. अक्षरे मोडून वळणदार करण्यामागे गती हा हेतू होता. राजसत्तेचा पत्रव्यवहार, जमाखर्च, निवाडे, वतनांचे कागद यांचा पसारा वाढत जातो तेव्हा लिहिणाऱ्या हाताचा वेळ वाचवणे ही राज्यकारभाराची गरज बनते. मोडी त्या गरजेतून घडली. आणि ती घडल्यामुळे चिटणीस, फडणीस, कुलकर्णी असा लेखणीवर जगणारा वर्ग स्थिरावला. त्या वर्गाने मग लिपीला आणखी वळणे दिली. शिवकालीन मोडी आणि पेशवेकालीन मोडी यांत जो फरक जाणकाराला चटकन दिसतो, तो दप्तरांच्या वाढत्या व्यापाचा आणि लेखकूंच्या घडत गेलेल्या परंपरेचाही आलेख आहे. बालबोध लिपीचे क्षेत्र निराळे होते. पोथी, स्तोत्र, पुराण, संतांचे ग्रंथ तिच्यात उतरवले जात. पोथी एकदा लिहिली जाते आणि पुनःपुन्हा वाचली जाते. तेथे लिहिणाऱ्याची घाई गौण, वाचणाऱ्याची सोय मुख्य. एकाच भाषेच्या दोन लिप्या दोन निराळ्या सामाजिक व्यवहारांना बांधलेल्या होत्या आणि एकच माणूस सकाळी एक वाचून दुपारी दुसरी लिहीत होता.

छापखाना आला तो या विभागणीच्या मधोमध. धातूच्या खिळ्यांना जोडाक्षरी, धावती मोडी पेलणारी नव्हती म्हणून ती मागे पडली, हे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते. त्यात तथ्य आहे, कारण मोडीत स्वराच्या संयोगाने व्यंजनाचे रूपच पालटते आणि त्यामुळे खिळ्यांची संख्या फुगते. परंतु श्रीरामपूरचा दाखला या स्पष्टीकरणाच्या आड येतो. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये देवनागरी खिळ्यांत छापले गेले, आणि १८१० मधला त्यांचा कोश मात्र मोडी खिळ्यांत. म्हणजे मोडीचे खिळे पाडता येत होते, जुळवता येत होते, आणि मराठी व्यवहाराची खरी लिपी मोडी आहे हे परक्या मिशनऱ्याला पंडित वैजनाथ शर्मांच्या साहाय्याने उमगलेही होते. दुसरी गोष्ट शिळाछापाची. शिळाछापाला खिळे लागतच नाहीत. हाताने लिहिलेले जसेच्या तसे दगडावरून कागदावर उतरते. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये पंचांग छापले ते याच तंत्राने. मोडी छापण्यास यापेक्षा सोयीचे साधन दुसरे नव्हते, आणि शाळांसाठी मोडी वाचनाची पुस्तके शिळाछापावर निघत राहिलीही. तरी वाङ्मय म्हणून जे छापले गेले ते बालबोधातच. तंत्राने वाट अडवली नव्हती. त्या वाटेने जाण्याचे कोणी मनावर घेतले नाही.

का घेतले नाही, याचे उत्तर दोन्हीकडून द्यावे लागते. मुद्रणाने लेखन आणि वाचन यांचे अर्थशास्त्र उलटवले. जुळारी मजकूर एकदा जुळवतो आणि प्रती हजाराने निघतात. तेव्हा लिहिण्याच्या गतीला किंमत राहत नाही, अपरिचित वाचकाला अक्षर स्वच्छ लागण्यालाच सारी किंमत येते. मोडीचा जो सर्वात मोठा गुण, तोच छापखान्यात निरुपयोगी ठरला. हा तंत्राचा भाग. परंतु 'स्वच्छ' अक्षर कोणते, हे आधीच्या समाजाने ठरवून ठेवले होते. ग्रंथ म्हटला की बालबोध आणि कागद म्हटला की मोडी, ही जाण छापखान्याहून कितीतरी जुनी. नव्या पाठ्यपुस्तकांचे आणि कोशांचे काम ज्यांच्याकडे आले ते शास्त्रीपंडित पोथीच्या परंपरेतले होते. मोल्सवर्थ यांचा कोश (१८३१), 'दर्पण' (१८३२) यांनी हा संकेत पक्का केला. पुढे जावजी दादाजी यांच्या निर्णयसागराने (१८६९) बालबोध खिळ्यांना असे देखणे रूप दिले की सुबक अक्षर म्हणजे निर्णयसागरी अक्षर असे समीकरणच होऊन बसले. छापील पोथी विटाळाची मानणाऱ्या सोवळ्या वाचकासाठी शाईत चरबीऐवजी तूप घातले जाई, अशी आठवण सांगितली जाते. समाज तंत्राला कोणत्या अटींवर घरात घेतो याचा तो एक मासला समजावा.

या साऱ्या घडामोडीकडे हळहळीच्या सुरात पाहण्याची आजची प्रवृत्ती मात्र तपासून घ्यायला हवी. मोडी ही मराठ्यांच्या पराक्रमाची लिपी होती तशीच ती कुलकर्ण्याच्या दप्तराचीही होती. जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) मध्ये निरक्षर कुणब्याला कागदोपत्री नागवणाऱ्या यंत्रणेचे जे चित्र काढले आहे, त्या यंत्रणेतला कागद मोडीत लिहिलेला असे. ज्याचे शेत त्या कागदावर गहाण पडले त्याला तो वाचता येत नव्हता. छापील बालबोध पुस्तक चार आणे टाकून कोणाच्याही हाती येऊ शकत होते, निदान तत्त्वतः. बालबोधाच्या विजयात पोथीपरंपरेचे वर्चस्व होते हे खरे, पण लेखणीच्या मक्तेदारीला बसलेला धक्काही त्यातच होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे पचवणे स्मरणरंजनाला जड जाते.

हाताने लिहिण्याचे काम जेथे उरले तेथे मोडीही उरली. कचेऱ्या, पेढ्या, खाजगी पत्रे यांत ती विसाव्या शतकातही चालू होती. बोरूची जागा टाकाने घेतली तशी तिची जाड-बारीक वळणे सपाट झाली. पुढे टंकलेखनयंत्र आले, शाळांतून मोडीचा तास बंद झाला, आणि दोन पिढ्यांत सुशिक्षित मराठी माणूस आपल्या आजोबांच्या पत्रापुढे निरक्षर झाला.

समीक्षेचा प्रश्न येथून सुरू होतो. बखरी, पत्रे, करीणे, कैफियती हे प्राचीन मराठी गद्याचे मोठे भांडार बहुतांशी मोडीतले आहे. मोडी लेखनात शब्दांमध्ये मोकळी जागा सोडण्याचा प्रघात नाही. विरामचिन्हे नाहीत. परिच्छेद नाहीत. इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळला जात नाही. 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत' एकाच रूपात येतात. हे सारे बालबोधात आणून छापायचे तर प्रत्येक ठिकाणी निर्णय घ्यावा लागतो, आणि तो निर्णय संपादकाचा असतो. 'राजे निघाले रातोरात गडावरी आले' असा एक कल्पित मजकूर घ्यावा. पूर्णविराम 'निघाले' या पदानंतर पडला तर गडावर येणे रातोरात होते. 'रातोरात' या पदानंतर पडला तर निघणे. स्वल्पविराम घातला तर एक धावते वाक्य मिळते. पूर्णविराम घातला तर दोन तुटक, ठसकेबाज वाक्ये. मजकूर तोच, गद्याची लय दोन प्रकारची.

बखरीच्या शैलीचे वर्णन करताना छोटी वाक्ये, क्रियापदांचा झपाटा, निवेदनाचा वेग हे विशेष आवर्जून सांगितले जातात. अभ्यासक्रमांतून आणि परीक्षांच्या उत्तरपत्रिकांतून ते इतके रुळले आहेत की त्यांचा उगम विचारण्याची गरज कोणाला भासत नाही. परंतु वाक्याची लांबी हा निकष लावायचा तर वाक्य कोठे संपते हे ठाऊक असावे लागते, आणि मोडी प्रत ते सांगत नाही. क्रियापदाचे स्थान, 'मग', 'त्याउपरी', 'ऐसे' यांसारखे आरंभदर्शक शब्द, 'म्हणोन'सारखे जोडणारे शब्द यांवरून अनुमान करता येते, आणि जुन्या संपादकांनी ते जाणकारीने केले, हे नाकारण्याचे कारण नाही. तरी पूर्णविराम ही वस्तूच मराठीत नवी होती. मेजर कँडी यांनी 'विरामचिन्हांची परिभाषा' लिहिली ती १८५० मध्ये. त्यानंतर अवघ्या अठ्ठावीस वर्षांनी, १८७८ मध्ये, 'काव्येतिहाससंग्रह' सुरू झाला आणि बखरी महिन्यामागून महिना छापून येऊ लागल्या. ज्यांनी त्या छापल्या त्यांची गद्याची जाण नुकत्याच रुळलेल्या छापील वाक्यावर पोसलेली होती.

हे नियतकालिक का. ना. साने, जनार्दन बाळाजी मोडक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या वर्तुळातले, हा तपशील येथे निर्णायक महत्त्वाचा आहे. 'निबंधमाला' १८७४ पासून निघत होती. म्हणजे नव्या मराठी गद्याचा मानदंड घडवणारे आणि जुन्या मराठी गद्याला छापील देह देणारे हे एकाच मेळ्यातले. पुढील समीक्षेने बखरगद्यात आधुनिक गद्याची देशी मुळे शोधली, दोहोंत एक सहज नाते पाहिले, आणि इंग्रजी वळणाच्या आरोपाला ते उत्तर म्हणून वापरले. त्या नात्यातला काही भाग तरी संपादकाच्या लेखणीने आणि जुळाऱ्याच्या हाताने जोडलेला असणे शक्य आहे. पुराव्याच्या घडणीत निष्कर्ष आधीच मिसळलेला असला की युक्तिवाद वर्तुळाकार होतो. सभासदाच्या बखरीसारख्या, जिंजीच्या वेढ्याच्या काळात लिहिल्या गेलेल्या आणि पुढे नकलांतून उतरत आलेल्या संहितेबाबत हा धोका दुणावतो. तेथे नकलनवीस, संपादक आणि छापखाना असे तीन थर ओलांडून वाचक कृष्णाजी अनंतापर्यंत पोहोचत असतो.

यावर असा आक्षेप येईल की, पाठचिकित्सेच्या शास्त्राने हे प्रश्न केव्हाच हाताळले आहेत. ते अंशतः खरे आहे. पाठभेदांची नोंद होते, पदच्छेदाची चर्चा होते. विरामचिन्हांची नोंद मात्र क्वचितच होते, कारण ती संहितेचा भाग नसून वाचकासाठी केलेली सोय मानली जातात. डी. एफ. मॅकेन्झी यांनी ग्रंथांचे बाह्य रूप अर्थनिर्मितीत भाग घेते हा मुद्दा इंग्रजी ग्रंथांच्या संदर्भात मांडला. तेथे निदान मूळ प्रत आणि पुढील आवृत्ती दोन्ही छापील असतात. मराठीत लिपीच बदलली आहे, आणि बदलल्याचा मागमूस छापील पानावर राहिलेला नाही. शैलीविज्ञानाच्या नावाखाली छापील बखरीतील वाक्यांची शब्दसंख्या मोजणारा अभ्यासक नेमके काय मोजत आहे, हा प्रश्न म्हणूनच अप्रस्तुत ठरत नाही.

लोप पावलेल्या लिपीचा व्यवहाराशी संबंध तुटला असेही नाही. मराठा समाजातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा जुन्या महसुली व अन्य दप्तरांतील मोडी कागद वाचणाऱ्यांची शोधाशोध करावी लागली. आरक्षणाचा हक्क एका ओळीच्या वाचनावर येऊन ठेपला. फुल्यांच्या काळी कुलकर्ण्याच्या हाती असलेली किल्ली आता थोड्या जाणकारांच्या हाती आहे, आणि कागदाचा धनी पूर्वीसारखाच दुसऱ्याच्या वाचनावर विसंबून आहे. दरम्यान २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीला स्वतंत्र स्थान मिळाले. जी अडचण खिळ्यांच्या काळात मोडीच्या विरुद्ध पुढे केली जाई ती तांत्रिक अर्थाने उरलेली नाही. पण मोडीत नवे पुस्तक छापावे असे त्यामुळे कोणाला वाटू लागलेले नाही. श्रीरामपूरच्या अनुभवाची ही पुनरावृत्तीच म्हणावी.

मोडी कागदाचे छायाचित्र देऊन संगणकाकडून बालबोध प्रत काढून घेण्याचे प्रयोगही चालू आहेत. दप्तरखान्यांतील न वाचलेल्या रुमालांचा ढीग पाहता त्यांची गरज उघड आहे. असे यंत्र शिकते ते माणसांनी आधी केलेल्या लिप्यंतरांवरून. त्या लिप्यंतरांत ऱ्हस्व-दीर्घ आजच्या शुद्धलेखनाचे असेल, शब्द आजच्या समजुतीप्रमाणे तोडलेले असतील, आणि पूर्णविराम घातले असतील तर ते साने-मोडकांपासून चालत आलेल्या जाणिवेने घातलेले असतील. हाताने केलेल्या लिप्यंतराला निदान संपादकाचे नाव असते, प्रस्तावना असते, त्याच्याशी भांडता येते. यंत्राने दिलेल्या प्रतीत 'रातोरात' या पदाच्या अलीकडे की पलीकडे विराम पडला, आणि तो कोणाच्या वाचनावरून पडला, याची नोंद कोणत्या पानावर शोधायची हे अजून ठरलेले नाही.