आता पाळी कोणाची? : टेबलावरच्या लढाईतला क्रम

आजचा विषय पाहून जुन्या श्रोत्यांपैकी काहींना वाटलं असेल की पत्रिका छापताना घोटाळा झाला. न्यायदर्शनावर बोलणारी माणसं फाशांवर कधीपासून बोलायला लागली? घोटाळा झालेला नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीतल्या पाच मुलांचा गेममास्टर बारावीत गेला, म्हणजे वर्षभरापुरता जगातून उठला, (हशा) आणि त्याच्या जागी आम्हाला बसवण्यात आलं. शिफारस नातवाची. त्याचं म्हणणं, आजोबांना भांडणं सोडवायची सवय आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एक पात्र घेतो. कोणी तलवारबाज, कोणी जादूगार, कोणी चोर. एक जण मात्र पात्र घेत नाही, तो उरलेलं सगळं जग होतो. गुहा तो, दार तो, राक्षसही तोच. हा गेममास्टर. खेळाडू म्हणतात ‘मी असं करतो’, गेममास्टर सांगतो काय झालं, आणि जिथे शंका असेल तिथे फासे टाकायचे. एरवी हे गप्पांसारखं चालतं. आधी कोण बोललं, नंतर कोण, याने फारसं बिघडत नाही. पण लढाई सुरू झाली की गप्पांची रीत पुरत नाही. पाच खेळाडू, समोर आठ गॉब्लिन, आणि तेराही जणांना एकाच क्षणी काहीतरी करायचंय. नवा गेममास्टर बुडतो तो इथे. आम्हीही बुडालो.

आता या लढाईचे नियम काय म्हणतात ते बघू, कारण आमची टीका त्या नियमांवरच आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा या जातीचा पहिला प्रसिद्ध झालेला खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो 1974 साली अमेरिकेत काढला. त्या मूळ पुस्तकांनी लढाईसाठी ‘चेनमेल’ या आधीच्या युद्धखेळाकडे बोट दाखवलं होतं, सोबत एक पर्यायी पद्धत दिली होती, आणि बाकी वाचकाच्या नशिबावर सोडलं होतं. 1981 च्या सुटसुटीत आवृत्तीत नियम सोपा झाला. प्रत्येक फेरीला दोन्ही बाजूंनी सहा बाजूंचा एकेक फासा टाकायचा. ज्यांचा मोठा त्यांची अख्खी बाजू आधी. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत हे बदललेलं दिसतं. लढाईच्या सुरुवातीला प्रत्येकाने वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात चपळाईचा आकडा मिळवायचा, आणि त्या उतरत्या क्रमाने लढाई संपेपर्यंत फिरत राहायचं. याला इनिशिएटिव्ह म्हणतात. एक फेरी म्हणजे गोष्टीतले सहा सेकंद.

सहा सेकंद! आम्ही पहिल्याच रविवारी घड्याळ लावून पाहिलं. आमचे सहा सेकंद बावीस मिनिटं चालले.

पुस्तकाचा नववा अध्याय लढाईचा आहे. तो तुम्हाला सांगतो की आपल्या पाळीत हलता किती येतं, वार कधी करता येतो, आडोशाला उभं राहिलं तर काय फायदा. हे सगळं नेमकं आहे. क्रम कसा लावायचा हेही आहे. पण तो लावलेला क्रम सहा माणसांच्या डोक्यात जिवंत कसा ठेवायचा, याची चिंता त्या पानांतून फारशी जाणवत नाही. लेखकांनी गृहीत धरलंय की क्रम एकदा ठरला म्हणजे तो आहे. तत्त्वज्ञानातला माणूस इथे अडखळतो. क्रम ‘आहे’ म्हणजे कुठे आहे?

आमच्याकडे तो एका वहीत होता. दोनशे पानी, पुठ्ठ्याची. शिक्षकाचा स्वभाव, हजेरी घेतल्यासारखी नावं लिहिली, आकडे मांडले, आणि वही पडद्याआड ठेवली. गेममास्टरपुढे एक पुठ्ठ्याचा पडदा असतो, त्यामागे त्याची गुपितं. सुरुवातीला आमचं मत असं होतं की जुनी पद्धतच नवशिक्याला बरी. एक बाजू, मग दुसरी बाजू. लक्षात काय ठेवायचंय? आणि लढाईत सगळं एकाच वेळी घडतं, त्या एकाच वेळेपणाच्या ती जवळ जाते. म्हणून तिसऱ्या रविवारी आम्ही ती लावून पाहिली. काय झालं? ज्या दोन मुलांचा आवाज मोठा त्यांनी बाजूची सगळी पाळी वाटून घेतली. ‘तू मागे थांब, तू बाण मार’. ‘आमची बाजू’ म्हणजे प्रत्यक्षात ते दोघे.

तेव्हा आम्हाला कळलं की फाशाने ठरणारा वैयक्तिक क्रम हा वेगाचा हिशोब नसून हक्काचा हिशोब आहे. जो बोलत नाही त्याच्यासाठी तो आहे. मोठ्याने बोलणाऱ्याला क्रमाची गरज नसते, तो आपली पाळी कधीही काढून घेतो.

म्हणून पाचव्या आवृत्तीच्या क्रमाकडे परतलो. आणि इथे आमच्या हातून जे झालं ते सांगायला हवं. पाच जणांत एक मुलगी, आठवीतली, सगळ्यांत धाकटी. तिचं पात्र वैद्याचं, जखमा भरून काढणारं. चौथ्या रविवारची लढाई लांबली. मध्ये दोन गॉब्लिन मेले, वहीत खाडाखोड झाली, एकाने नियमावरून वाद घातला, आणि आम्ही तिच्या नावावरून पुढे गेलो. ती काही बोलली नाही. पुढच्या फेरीत पुन्हा तेच. कोणाच्याच लक्षात आलं नाही, आमच्या तर नाहीच. तिने आपले फासे शांतपणे डब्यात भरले. आम्हाला वाटलं, आवरतेय, अभ्यास असेल. ती गेल्यावर नातू म्हणाला, “आजोबा, तिची पाळी दोनदा गेली.” चाळीस वर्षं वर्ग घेतले, मागच्या बाकावरचं कोणी सुटू नये म्हणून डोळे उघडे ठेवले असा आमचा समज होता.

रात्री आम्ही स्वतःचा बचाव करून पाहिला. खूप आकडे होते, वय झालं, वगैरे. बचाव टिकला नाही. आकडे खूप असणं ही खरी अडचण नव्हतीच. क्रम फक्त आमच्याकडे होता, ही अडचण होती. तो टेबलावर दिसत असता तर आमची चूक पाचांपैकी कोणीही पकडली असती. मुख्य म्हणजे तिला स्वतःला नुसतं बोट दाखवून पकडता आली असती. वहीतला क्रम चुकला तर तक्रार करणाऱ्याला आधी आवाज चढवावा लागतो. म्हणजे ज्याच्यासाठी क्रम केला, त्यालाच त्याचा उपयोग नाही.

लॉन फुलर नावाचे अमेरिकन कायदेपंडित होते. ‘कायद्याची नैतिकता’ या त्यांच्या 1964 च्या ग्रंथात रेक्स नावाच्या एका काल्पनिक राजाची गोष्ट येते. हा राजा कायदा करण्याच्या नाना तऱ्हा करून पाहतो आणि दरवेळी फसतो. त्यातली एक तऱ्हा अशी की तो संहिता तयार करतो, तिच्याप्रमाणे निवाडेही देतो, पण संहिता गुप्त ठेवतो. प्रजा खवळते. फुलर यांचं म्हणणं, असा कायदा वाईट कायदा नव्हे, तो कायदाच नव्हे. आम्ही हे पदव्युत्तर वर्गाला शिकवलेलं आहे. पुठ्ठ्याच्या वहीसकट आम्हीच रेक्स निघालो.

इथे कोणी म्हणेल, मग पडदा कशाला? सगळंच उघडं ठेवा. तसंही नाही. या खेळाचं मूळ एकोणिसाव्या शतकातल्या प्रशियाच्या लष्करी युद्धखेळात सापडतं. 1824 साली धाकट्या रायस्वित्झने त्याचे नियम सिद्ध केले. त्यात एक पंच असे, आणि खेळणाऱ्या अधिकाऱ्यांना शत्रूच्या ज्या तुकड्या दिसू शकतील तेवढ्याच नकाशावर मांडल्या जात. टेकडीमागचं सैन्य फक्त पंचाला ठाऊक. अज्ञान हा तिथे खेळाचाच भाग. पुढे 1876 साली फेर्डी द्यू व्हेरन्वा यांनी तक्ते बाजूला ठेवून पंचाच्या विवेकावर भर दिला. तो वाद आजही प्रत्येक टेबलावर चालू आहे, पण तो दुसऱ्या व्याख्यानाचा विषय. आपल्यापुरतं एवढंच की राक्षसाच्या अंगात किती जीव उरलाय, दाराआड कोण आहे, हे झाकायचं. कोणाची पाळी आहे आणि आत्ता डोळ्यांना काय दिसतंय, हे झाकायचं नाही. नवे गेममास्टर नेमकं उलटं करतात. गुपित तोंडून निसटतं आणि क्रम वहीत राहतो.

‘डोळ्यांना काय दिसतंय’ म्हटलं, त्यावर थोडं थांबू. खेळाडूंना प्रत्यक्षात काहीच दिसत नसतं. ते धृतराष्ट्राच्या जागी असतात आणि गेममास्टर संजयाच्या. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या आपल्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. 1919 साली सुरू झालेलं काम 1966 मध्ये पुरं झालं. त्यातलं बेलवलकरांनी संपादिलेलं भीष्मपर्व आम्ही या निमित्ताने पुन्हा काढलं, ते फक्त एवढ्या प्रश्नासाठी की अठरा दिवसांच्या त्या गर्दीत ऐकणारा हरवत कसा नाही? एक तर दिवसाची चौकट पक्की. सकाळी व्यूह सांगितला जातो, म्हणजे कोण कुठे उभं आहे ते आधी कळतं. मग गर्दीतून जोड्या वेगळ्या काढल्या जातात, याच्याशी हा भिडला, त्याच्याशी तो. संध्याकाळी सैन्यं मागे फिरतात. आणि मध्ये मध्ये धृतराष्ट्र विचारतो, माझ्या मुलाचं काय झालं? त्या विचारण्याने संजयाला पुन्हा मुद्द्यावर यावं लागतं.

शिवाय युद्धाआधी दोन्ही पक्ष नियम ठरवतात. रथीने रथ्याशी लढावं, पायदळाने पायदळाशी. बेसावधावर, शस्त्र गळलेल्यावर वार नको. हे नियम पुढे एकामागून एक मोडतात, आपल्याला ठाऊक आहे. पण मोडले हे आपल्याला कळतं, कारण ते आधी उघडपणे ठरले होते. आमच्या वहीतला क्रम मोडला तेव्हा कळलंसुद्धा नाही. अर्थात तुलना ताणू नये. संजय भीष्म पडल्याची बातमी आधी देतो आणि मग मागे जाऊन सांगतो. त्याला शेवट माहीत आहे. गेममास्टरला शेवट माहीत नसतो, आणि नसावाच.

आणखी एक गोष्ट आम्हाला घरच्या शास्त्रातून मिळाली. न्यायसूत्रांच्या पाचव्या अध्यायात वादात हरण्याची बावीस स्थानं दिली आहेत, निग्रहस्थानं. त्यांत एक आहे अननुभाषण. प्रतिपक्षाचं म्हणणं सभेला कळलं, तीनदा सांगून झालं, तरी तुम्हाला ते पुन्हा म्हणून दाखवता येत नाही, तर तुम्ही हरलात. दुसरं विक्षेप, काम निघालं म्हणून चर्चा अर्धवट सोडणं. (मोबाइलचा शोध लागायच्या कितीतरी आधी हो!) आम्ही अननुभाषण स्वतःलाच लावून घेतलं. प्रत्येक पाळी सुरू करण्याआधी गेममास्टरने दोन वाक्यांत स्थिती म्हणून दाखवायची. ‘पुलावर दोन गॉब्लिन आहेत, एक लंगडतोय. तुझा मित्र पाण्यात पडलाय, बुडतोय. तू काय करतेस?’ आम्हाला ती दोन वाक्यं जमली नाहीत, तर लढाई आमच्याच हातून सुटली आहे असं समजायचं आणि थांबून मांडणी नीट करायची. आश्चर्य म्हणजे यात वेळ वाढत नाही, वाचतो. पूर्वी प्रत्येक जण आपली पाळी आली की विचारायचा, ‘आत्ता काय चाललंय?’ आता विचारत नाही.

बाकी व्यवस्था किरकोळ आहे, भराभर सांगतो. पोस्टकार्डाच्या जाडीचे कागद मधोमध दुमडून पडद्याच्या वरच्या कडेवर बसवले, दोन्ही अंगांना नाव. क्रम तिकडूनही दिसतो, इकडूनही. कार्ड सरकवायचं काम खेळाडूंचं. पाळी पुकारताना पुढच्याचंही नाव घ्यायचं, म्हणजे तो तयारीत राहतो. एकजात गॉब्लिनांना मिळून एकच इनिशिएटिव्ह, ही मुभा नियमातच आहे. त्यांच्या वाराला दरवेळी फासा नको. पुस्तकात सरासरी इजा छापलेली असते, गॉब्लिनची पाच, ती घ्यावी. जीव वजा करत बसण्यापेक्षा झालेली इजा चिंचोक्यांनी मोजावी. सात चिंचोके झाले की गॉब्लिन आडवा. आणि 1981 च्या आवृत्तीतली एक गोष्ट परत आणावी असं आमचं ठाम मत आहे. राक्षसांचं अवसान. पहिला मेला की, आणि निम्मे पडले की, दोन फासे टाकून बघायचं, उरलेले लढतात की पळतात. शेवटच्या माणसापर्यंत लढणं ही सवय गॉब्लिनांना कोणी लावली कोण जाणे. अर्ध्या लढाया त्यामुळे विनाकारण लांबतात.

त्या मुलीकडे आम्ही गेलो आणि चूक आमची होती असं सांगितलं. तिने फक्त मान हलवली. पुढच्या रविवारी आली. कार्डं तिनेच दुमडली, तिचं अक्षर चांगलं आहे.

मग एक अडचण आली जिचा आम्ही विचारच केला नव्हता. त्या दिवशी छपरावर एक मारेकरी लपलेला होता. त्याचं कार्ड लावलं तर तो आहे हे सगळ्यांना कळणार. नाही लावलं तर आमचा क्रम पुन्हा अर्धा वहीत. आम्ही कार्ड हातात धरून बसलो होतो. ती म्हणाली, “आजोबा, कोरं लावा ना. कोणीतरी आहे एवढंच कळेल.”

कोरं कार्ड लावलं. पुढचे सहा सेकंद टेबलावर कोणीच कोणाला मध्ये तोडलं नाही, सगळे त्या कार्डाकडे बघत होते.